बारापैकी नऊ शब्द

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

«सप्रेम नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहतो, खणभागात मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. २०२१ पासून जमेल तसं थोडं थोडं बिटकॉइन घेऊन एक्स्चेंजवरून स्वतःच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये काढून ठेवत आलो. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मूळचे विट्याकडचे, गलाईच्या धंद्यात केरळात असतात. त्यांनी मागे दुकानासाठी हातउसने पैसे दिले होते. ‘रुपये नकोत, त्यातलंच काहीतरी दे’ म्हणाले, म्हणून परवा त्यांना बिटकॉइन पाठवलं. फी ३,६८० सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचं सगळ्यात लहान माप) कापली. दोन दिवस झाले, ‘अनकन्फर्म्ड’च दाखवतंय. ॲप बिघडलं असेल म्हणून ते काढून टाकलं, दुसरं घेतलं, वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द टाकले. उघडलं, पण शिल्लक शून्य, व्यवहारांची यादीही कोरी. हातपाय गळाले. त्याच शब्दांवर दुसऱ्या एका ॲपमध्ये थोडे यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं टोकन) आहेत, ते दिसतात, पण पाठवायला गेलं की ‘गॅससाठी (म्हणजे फीसाठी) पुरेशी रक्कम नाही’ येतं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर हौसेनं बिटकॉइनचा नोड, म्हणजे बिटकॉइनची खातेवही स्वतः तपासणारा प्रोग्राम, चालवतो. गेल्या आठवड्यात लाइट गेली तेव्हापासून तोही ‘ब्लॉक डेटाबेस करप्ट’ म्हणून उघडत नाही. त्याआधीही दहाच्या वर कनेक्शन कधी दिसली नाहीत. टेलिग्रामवर विचारलं तर वॉलेटच्या ‘सपोर्ट’वाल्या एकानं लिंक दिली, ‘वॉलेट सिंक्रोनाइज करून घ्या’ म्हणाला. तिथं बारा शब्द मागत होते. नऊ टाकल्यावर शंका आली आणि बंद केलं. बायकोला यातलं काही माहीत नाही. तिला सांगावं का? ट्रान्झॅक्शन आयडी सोबत जोडतोय.»

नमस्कार.

तातडीचा भाग तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी ई-मेलनं कळवला आहे. इथं तो पुन्हा सविस्तर देतो, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ‘सिंक्रोनाइज’वाले भेटलेले तुम्ही एकटे नाही.

पत्रात तुम्ही चार-पाच तक्रारी लिहिल्यात आणि नऊ शब्दांची गोष्ट जाता जाता सांगून टाकलीत, जणू तिथून तुम्ही सहीसलामत सुटलात. खरं दुखणं तिथंच आहे. शेवटचं बटण दाबलं नाही म्हणजे माहिती गेली नाही, असा तुमचा समज दिसतो. तसं नसतं. एकेका रकान्यात तुम्ही टाइप करत असतानाच तो मजकूर पलीकडे पोचेल अशी पानं बनवणं अजिबात अवघड नाही, आणि लुबाडायला बनवलेलं पान तसंच असणार हे गृहीत धरायचं.

आता राहिले तीन शब्द. वॉलेटच्या शब्दांची यादी ठरलेली आहे, बीआयपी-३९ या मानकातली, २०४८ इंग्रजी शब्दांची. तीन जागी कुठलेही शब्द धरले तर सुमारे ८५९ कोटी जुळण्या होतात. ऐकायला आकडा प्रचंड. पण बाराव्या शब्दात एक पडताळणी दडवलेली असते, तिच्यामुळे दर १६ जुळण्यांपैकी साधारण एकच वैध ठरते. उरल्या ५४ कोटींच्या आसपास. ग्राफिक्स कार्ड जोडलेल्या मशीनला हे काही तासांचं काम आहे. २०२० मध्ये एका प्रोग्रामरनं बारापैकी आठ शब्द जाहीर झालेलं वॉलेट, उरलेले चार शब्द भाड्याच्या ग्राफिक्स कार्डांवर शोधून, सुमारे ३० तासांत उघडून दाखवलं होतं. तुमचे तर तीनच राहिलेत.

म्हणून ते बारा शब्द आता तुमचे राहिले नाहीत असं समजा. पासवर्ड बदलतो तसे ते बदलता येत नाहीत. नवं वॉलेट, नवे शब्द, आणि जुन्यावरचं सगळं तिकडे हलवायचं, एवढा एकच मार्ग आहे. हार्डवेअर वॉलेट (शब्द इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र) मागवून त्याची वाट बघत बसू नका. ते सावकाश येऊ दे. आज दुसऱ्या, स्वच्छ फोनवर किंवा कॉम्प्युटरवर नवं वॉलेट काढा, शब्द कागदावर लिहा, स्क्रीनशॉट घेऊ नका.

पैसे अजून आहेत का? आहेत. तुमच्या आयडीवरून मी मेमपूल डॉट स्पेस या संकेतस्थळावर पाहिलं. तुमचा व्यवहार रांगेत उभा आहे, दाजींची रक्कम त्यात आहे आणि उरलेली मोड तुमच्याच पत्त्यावर परत येताना दिसतेय. तिला कुणी हात लावलेला नाही. ही सवय तुम्हीही लावून घ्या. काहीही बिघडलं की आधी ॲपला न विचारता आयडी किंवा पत्ता घेऊन ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे अशाच एखाद्या संकेतस्थळावर, जायचं. ॲप डिलीट केलंत, फोन फुटला, शिल्लक शून्य दिसली, तरी जगभरातल्या हजारो नोडांवरच्या खातेवहीत नोंद आहे तशीच राहते. तुमचं ॲप ती नोंद वाचून दाखवतं, कधी कधी चुकीचं वाचतं.

आणि याच कारणानं शिल्लक शून्य दिसली. पण हलवाहलव करायची तर आधी वॉलेट उघडलं पाहिजे, म्हणून ते नीट समजून घ्या.

शून्य दिसल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: व्यवहारांची यादी भरलेली आहे की कोरी? यादी भरलेली आणि शेवटी तुम्ही न केलेला व्यवहार असेल, तर पैसे खरंच गेले. यादीसुद्धा कोरी असेल तर तुम्ही दुसरीकडेच बघताय. तुमची कोरी आहे. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं तुम्ही पाहिली असतील. बारा शब्दांतून एकच पेव उघडत नाही, पेवांची अख्खी रांग उघडते, आणि कुठल्या पेवात उतरायचं ते ॲप ठरवतं. तुमची हळद एका पेवात आहे आणि नव्या ॲपनं शेजारचं रिकामं उघडलं.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. तुमच्या जुन्या व्यवहारात पत्ते ‘बीसी१क्यू’नं सुरू होतात. नव्या ॲपमध्ये ‘रिसीव्ह’ दाबून बघा. तिथला पत्ता १ या आकड्यानं सुरू होत असेल तर निदान पक्कं. १ नं सुरू होणारे पत्ते ४४ क्रमांकाच्या मार्गावरचे, ३ नं सुरू होणारे बहुधा ४९ च्या, ‘बीसी१क्यू’ ८४ च्या आणि ‘बीसी१पी’ ८६ च्या. पेवापर्यंतच्या या मार्गाला ॲपमध्ये ‘डेरिव्हेशन पाथ’ म्हणतात. काही ॲप विचारतात, काही न विचारताच एक धरून चालतात. कॉम्प्युटरवरच्या इलेक्ट्रममध्ये शब्द टाकताना पर्यायांत ‘बीआयपी-३९’वर खूण करावी लागते, मग पुढच्या पडद्यावर पत्त्याचा प्रकार निवडता येतो. ‘डिटेक्ट एग्झिस्टिंग अकाउंट्स’ असं एक बटणही आहे, ते स्वतःच सगळी पेवं धुंडाळून कशात माल आहे ते सांगतं. ती खूण करायची राहिली तर इलेक्ट्रम तुमचे शब्द नाकारतं, कारण त्याची स्वतःची शब्दपद्धत वेगळी आहे. त्यामुळे उलटंही होतं: इलेक्ट्रमनं दिलेले शब्द दुसऱ्या ॲपमध्ये सहसा चालत नाहीत, आणि माणूस ‘शब्द चुकीचे लिहिले वाटतं’ म्हणून कपाळाला हात लावतो.

इलेक्ट्रम घ्यायचं ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. २०१८ च्या डिसेंबरात त्याच्या वापरकर्त्यांना पैसे पाठवताना ‘अपडेट करा’ असा संदेश दिसायचा आणि दिलेल्या लिंकवर बनावट आवृत्ती असायची. बऱ्याच जणांचे बिटकॉइन त्यात गेले. शोधयंत्रात सगळ्यात वर जाहिरात म्हणून आलेल्या दुव्यावर तर बोट ठेवूच नका.

शून्य दिसण्याची आणखी दोन कारणं इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. वॉलेट काढताना कुणी जास्तीचा गुप्त शब्द, म्हणजे पासफ्रेज, घातला असेल आणि आता तो घालायचा राहिला किंवा त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला, तर वॉलेट ‘चूक’ म्हणत नाही, निमूटपणे दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. आणि ज्यांनी बरेच पत्ते काढले पण वापरले नाहीत त्यांना ‘गॅप लिमिट’ नडतं: ओळीनं २० पत्ते कोरे लागले की वॉलेट पुढे शोधायचं थांबतं. ती मर्यादा वाढवली की पुढचे पैसे दिसायला लागतात. आता एक सावधगिरी. वर म्हटलेली पडताळणी सोळातून एकदा चुकीच्या शब्दालाही पास करते, त्यामुळे ‘शब्द स्वीकारले म्हणजे बरोबरच आहेत’ असं बारा शब्दांच्या बाबतीत ठामपणे म्हणता येत नाही. हस्ताक्षर एकदा नीट बघावं.

आता अडकलेला व्यवहार. तुम्हाला ३,६८० सॅट भरपूर वाटले असणार. एका बिटकॉइनचे १० कोटी सॅट होतात, आणि साध्या व्यवहाराला एवढी फी चांगली घसघशीतच आहे. पण फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार वहीत किती जागा खातो त्यावर ठरते. एका पत्त्यावरचं एकच नाणं उचलून दोन ठिकाणी वाटलं तर तो व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा होतो. तुम्ही थोडं थोडं काढत आलात, त्यामुळे वॉलेटमध्ये एक मोठी रक्कम नव्हती, लहान लहान २६ तुकडे होते. दाजींची रक्कम भरायला ॲपनं ते सगळे उचलले. प्रत्येक तुकड्याला सुमारे ६८ बाइट लागतात, वर बाकीचं थोडं, असा तुमचा व्यवहार १,८४० च्या घरात गेला. ३,६८० भागिले १,८४०, म्हणजे बाइटमागे २ सॅट. मी पाहिलं तेव्हा लवकर आत जायला बाइटमागे १० सॅट लागत होते. दर दहा मिनिटांनी सरासरी एक ब्लॉक, म्हणजे वहीचं एक नवं पान, निघतो, आणि ते लिहिणारे मायनर जास्त भाव देणाऱ्याला आधी घेतात. तुम्ही रांगेत मागे राहिलात, एवढंच झालंय.

न करायची गोष्ट आधी सांगतो: घाबरून दाजींना दुसऱ्यांदा पाठवू नका. दुसरा व्यवहार वेगळ्या नाण्यांतून निघाला तर आज ना उद्या दोन्ही पोचतील, आणि मग दाजींकडून परत मागायची वेळ येईल. ते देतीलही. पण घरात विषय व्हायचा तो होतोच.

वाट बघणं हाही एक मार्ग असतो. बिटकॉइन कोअर हा नेहमीचा प्रोग्राम वापरणारा नोड अडकलेला व्यवहार ठरावीक मुदतीपर्यंत, म्हणजे ३३६ तास किंवा १४ दिवस, सांभाळतो आणि मग टाकून देतो. तशी वेळ आली तर नाणी मूळ पत्त्यांवरच असतात, कारण ती कधी हललेलीच नसतात. एरवी मी तुम्हाला शांतपणे बसा म्हटलं असतं. तुमचे शब्द फुटले आहेत म्हणून बसता येत नाही.

दुसरा मार्ग फी वाढवण्याचा. तोच व्यवहार तीच नाणी वापरून जास्त फीनं पुन्हा पाठवायचा, म्हणजे मायनर जुना सोडून नवा घेतात. याला आरबीएफ (रिप्लेस-बाय-फी) म्हणतात, बऱ्याच वॉलेटांत त्याचं बटण असतं. यात आयडी बदलतो, त्यामुळे जुन्या आयडीकडे डोळे लावून बसलेल्या दाजींना तेवढं कळवावं लागतं.

तुमच्या परिस्थितीत मला तिसरा मार्ग जास्त पटतो, कारण एका दगडात दोन पक्षी मरतात. तुमच्या अडकलेल्या व्यवहारातून जी मोड तुम्हाला परत येतेय, ती पक्की व्हायच्या आधीच खर्च करता येते. ती सगळीच्या सगळी नव्या वॉलेटच्या पत्त्यावर पाठवा आणि या छोट्या व्यवहाराला मुद्दाम भरघोस फी लावा. मायनरला ती फी हवी असेल तर आधी मूळ व्यवहार आत घ्यावाच लागतो, त्याशिवाय मोड अस्तित्वातच येत नाही. पोर बापाचे पैसे भरतं, म्हणून याला ‘चाइल्ड पेज फॉर पेरेंट’, सीपीएफपी म्हणतात. हिशेब असा: मूळ १,८४० बाइट आणि नवा सुमारे ११० बाइट, मिळून १,९५०. बाइटमागे १० सॅट धरले तर १९,५०० सॅट लागतात. त्यातले ३,६८० तुम्ही आधीच भरलेत, म्हणून नव्या व्यवहाराची फी १५,८२० सॅट ठेवायची. भाव दर तासाला हलतो, तेव्हा पाठवण्याआधी पुन्हा बघून बाइटमागे दोन-चार सॅट वरच धरा. ही काटकसर दाखवायची जागा नाही, घाईची आहे. आयडी तोच राहतो, दाजींना रक्कम मिळते आणि तुमची मोड फुटलेल्या शब्दांच्या तावडीतून बाहेर पडते. दोन्हीला एक कन्फर्मेशन मिळेपर्यंत, म्हणजे ते एखाद्या ब्लॉकमध्ये जाईपर्यंत, फोनपासून उठू नका.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पैसे घेणाऱ्याच्या बाजूला असेल, तर हीच युक्ती त्यालाही चालते. समोरच्यानं फी कमी लावली असेल तर आलेली, पण पक्की न झालेली रक्कम स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर जास्त फीनं पाठवायची.

यूएसडीटीचं उत्तर छोटं आहे. टोकन हलवायची फी त्या टोकनमधून कापली जात नाही, ज्या जाळ्यावर ते आहे त्याच्या स्वतःच्या नाण्यातून कापली जाते: इथेरियमवर इथर, ट्रॉनवर टीआरएक्स, पॉलिगॉनवर त्याचं नाणं. तुमचा पत्ता शून्य-एक्सनं सुरू होत असेल तर ट्रॉन बाद. नेमकं कुठलं जाळं ते एक्सप्लोररवर पत्ता टाकून पाहा आणि त्याच जाळ्यावर थोडं नाणं पाठवा. फक्त इथंही शब्द फुटलेले आहेत हे विसरू नका. अशा पत्त्यांवर चोरांचे बॉट डोळा ठेवून असतात आणि फीसाठी आलेलं इथर क्षणात उचलतात. नवं वॉलेट समोर उघडं ठेवा, पत्ता आधीच टाकून ठेवा, इथर पोचलं की लगेच यूएसडीटी पाठवा. जाता जाता एक: कुणी अनोळखी माणूस स्वतःचे बारा शब्द ‘चुकून’ ग्रुपवर टाकतो, आत हजारो यूएसडीटी दिसतात, फीपुरतं नाणं मात्र नसतं. ते भरायला गेलेल्या हावऱ्याचं नाणं तो लाटतो. सापळाच आहे तो.

इथेरियमवर एक व्यवहार अडकला की त्याच्यामागचे सगळे अडकतात, कारण प्रत्येकाला अनुक्रमांक असतो, नॉन्स. सातवा झाल्याशिवाय आठवा होत नाही. अडकलेल्याच क्रमांकाचा, स्वतःलाच शून्य रकमेचा, जास्त फीचा व्यवहार पाठवला की वाट मोकळी होते.

नोडचं काही घाईचं नाही. तो बंद आहे म्हणून तुमचं एक सॅटही इकडचं तिकडे झालेलं नाही. वीज अचानक गेली तेव्हा तो डिस्कवर काहीतरी लिहीत होता, ते अर्धवट राहिलं. सुरू करताना ‘पुन्हा उभारू का?’ असं विचारतो त्याला हो म्हणता येतं, पण आधी हे ठरवा की तुमचा नोड पूर्ण आहे की छाटलेला. पूर्ण असेल, म्हणजे साडेसहाशे जीबीच्या वरची ब्लॉकची सगळी साखळी डिस्कवर असेल, तर आधी ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ करून बघा. त्यात ब्लॉक आहेत तसे ठेवून फक्त शिलकीची यादी नव्यानं बनते. त्यानं भागलं नाही तर पूर्ण ‘रीइंडेक्स’. ‘प्रून’ लावून जुने ब्लॉक टाकून दिले असतील तर पहिला पर्याय चालत नाही आणि दुसऱ्यात सगळी साखळी पुन्हा उतरवावी लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे सुरू करू नका.

आणि वेग. जुन्या कॉम्प्युटरवर लोक दोष इंटरनेटला देतात. ब्रॉडबँड बऱ्यापैकी असेल तर बहुतेक वेळा अडतं ते फिरत्या हार्ड डिस्कमुळे. नोड प्रत्येक व्यवहारासाठी शिलकीच्या यादीत इथं-तिथं उड्या मारतो, आणि फिरत्या डिस्कला नेमकं तेच जमत नाही. सगळं नव्या डिस्कवर न्यायची ऐपत नसेल तर एक लहान एसएसडी घ्या, ‘डेटाडिर’ (नोडचा मुख्य फोल्डर) तिच्यावर ठेवा आणि ब्लॉकच्या अवजड फायली ‘ब्लॉक्सडिर’ या सेटिंगनं जुन्या डिस्कवर राहू द्या. ब्लॉक एकदा लिहिले की क्वचितच वाचावे लागतात, त्यांना जुनी डिस्क चालते. रॅम ४ जीबी असेल तर उतरवण्यापुरतं ‘डीबीकॅश’ (नोडनं वापरायची रॅम, एमबीत) १५०० पर्यंत न्या, झाल्यावर खाली आणा.

दर महिना-दोन महिन्यांनी डेटाबेस बिघडत असेल तर दोष विजेवर ढकलू नका. रॅम तपासा, डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल काढा, साटाची केबल बदलून बघा. नोड रॅमला इतकं दमवतो की एरवी लपलेला दोष त्याच्यामुळे बाहेर येतो. छोटा यूपीएस लावा, आणि तो वाजायला लागला की नोड रीतसर बंद करा. बंद होताना खिडकी बराच वेळ रेंगाळते, ती आपोआप जाईपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही. डिबग लॉगच्या शेवटी ‘शटडाउन: डन’ दिसलं की झालं.

दहा कनेक्शनची काळजी सोडा. नोड स्वतःहून जोडतो ती दहाच असतात. बाहेरचे लोक तुमच्याकडे यायला राउटरवर ८३३३ हे पोर्ट उघडावं लागतं, आणि तुमचा इंटरनेटवाला अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देत असेल तर ते उघडूनही उपयोग होत नाही. दहांवर तुमचा नोड पूर्णपणे बरोबर चालतो.

करांचं थोडक्यात. उसने पैसे बिटकॉइननं फेडणं ही कायद्याच्या नजरेत विक्रीच धरली जाते, त्यामुळे नफ्यावर ३० टक्के कर लागतो. हा दर १ एप्रिल २०२२ पासून आहे. खरेदी किमतीशिवाय काही वजा होत नाही, नेटवर्कची फीसुद्धा नाही. १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस कुणी, कधी कापायचा ते रकमेवर अवलंबून आहे, ते तुमच्या सीएला विचारा. स्वतःच्या जुन्या वॉलेटमधून स्वतःच्याच नव्या वॉलेटमध्ये हलवणं मात्र विक्री नव्हे, फक्त आयडी जपून ठेवा. टेलिग्रामवाल्याची तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर करा, पैसे गेले नसले तरी. त्या माणसाचं नाव आणि लिंक पुसून टाकू नका, तक्रारीत तेच लागतं.

नवे शब्द कुठे ठेवायचे? तुम्ही गावभागात राहता, तुम्हाला २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि कपाटाचा खालचा खण त्याच्या कितीतरी आधी भिजलेला असतो, हे तुमच्या भागातल्या पोरांनाही पाठ आहे. कागद एक असू द्या, पण दुसरी प्रत स्टीलच्या पट्टीवर करा. यादीतल्या कुठल्याही शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्या शब्दाशी जुळत नाहीत, म्हणून चारच अक्षरं ठोकली तरी पुरतात, बारा शब्दांना जास्तीत जास्त ४८ अक्षरं. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांच्या ठशांचा संच मिळतो, हातोडी घरात असेलच. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे पट्टी नेऊन ‘एवढं ठोकून द्या’ म्हणू नका. ही पट्टी नदीपासून लांब, उंचावरच्या घरी ठेवा. बहिणीचं विट्याचं घर त्या दृष्टीनं चांगलं.

राहिल्या वहिनी. सांगा. आजच, सगळं. तुम्हाला उद्या काही झालं तर ही खातेवही कुणाच्या वारसाहक्काच्या दाखल्याला भीक घालत नाही. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. ओरडा बसेल तो बसेल, तो एका संध्याकाळचा आहे. मात्र नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. रक्कम नव्या वॉलेटमध्ये पोचली की त्यातल्या थोड्या रकमेवर सराव करून घ्या. मग घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच ॲप वहिनींकडून उतरवून घ्या, कागदावरचे शब्द त्यांनाच टाकू द्या, पत्त्याचा प्रकार कुठला निवडायचा ते त्याच कागदाच्या खाली त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, आणि ती थोडी रक्कम त्यांनाच बाहेर पाठवू द्या. हे जमलं की त्या फोनमधून ॲप काढून टाका.